शेवाळी राक्षसांचा वेग

स्टूरे वेदीनच्या चेहऱ्याचा उजवा अर्धा भाग हलत नाही, कारण गेल्या ऑक्टोबरात त्याला मेंदूचा झटका आला. डावा अर्धा भागही फारसा हलत नाही, पण त्याचं कारण वैद्यकीय नाही. तो स्वीडनमधल्या स्कोव्देचा आहे. आमच्या गावात माणूस खूश आहे की दुःखी हे त्याच्या बायकोलाच विचारावं लागतं, आणि स्टूरेची बायको बावीस वर्षांपूर्वी त्याला सोडून गेली. त्यामुळे त्याच्या मनात काय चाललं आहे ते मी अंदाजाने सांगतो. पंचेचाळीस वर्षांच्या मैत्रीत माझे बरेच अंदाज चुकलेले आहेत.

उजवा हात तो मांडीवर ठेवून बसतो. कुणीतरी बाकावर विसरून गेलेली पिशवी असावी तसा तो तिथे पडून असतो. हाताला काही कळतं का, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. टोचलं तरी कळत नाही, म्हणाला. तसं आधीही कुणी टोचत नव्हतं. बोलणंही बदललं. चौतीस वर्षं त्याने योतेबोरी ते हाल्सबेरी मालगाडी चालवली, आणि आता त्याचे शब्द तसेच येतात: आधी लांबून आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, मग एकदम सगळे डबे.

त्याची मुलगी हिल्लेवी एक्केचाळीस वर्षांची आहे आणि पार उत्तरेला, किरूनाला राहते. लोखंडाच्या खाणीत जमिनीखाली गाड्या धावतात, त्या ती वर एका खोलीत बसून पडद्यावर बघत चालवते. बाप-लेकीत भांडण कधीच नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. तीन वर्षांपूर्वी नाताळात तिने त्याला एक संगणकावरचा खेळ पाठवला, 'धुक्याचे राजे', आणि सोबत चिठ्ठी: 'रविवारी तीन वाजता?' एवढंच. स्टूरेने ती चिठ्ठी अजून ठेवली आहे, फ्रिजवर चुंबकाखाली. मी कशाचा चुंबक ते बघितलं. कचरा कोणत्या वारी नेणार ते पत्रक लावायचा.

तेव्हापासून दर रविवारी तीन वाजता दोघं एकमेकांशी लढतात.

हा खेळ बुद्धिबळासारखा नाही. त्यात पाळी नसते. तुम्ही विचार करत बसलात तर समोरचा तुमच्यासाठी थांबत नाही, तो तोवर तुमच्या गोठ्याला आग लावतो. एका हाताने माउस आणि दुसऱ्या हाताने कळा दाबत माणसं पाठवायची, लाकूड तोडायचं, किल्ला बांधायचा, सगळं एकदम. चार कुळं आहेत: खुजे, रानपऱ्या, माळावरचे घोडेस्वार आणि दलदलवाले. हिल्लेवी घोडेस्वार घेऊन खेळते. स्टूरे पूर्वी खुजे घ्यायचा. झटक्यानंतर दोन रविवार तो इस्पितळात होता. तिसऱ्या रविवारी त्याने मला संगणकासमोर बसवलं आणि तिला लिहायला सांगितलं की सर्दी झाली होती. मी लिहिलं. मग त्याने डाव्या हातात माउस धरला आणि दलदलवाले निवडले. तिने विचारलं, खुज्यांचं काय झालं? त्याने सांगितलं आणि मी टाइप केलं: 'कंटाळा आला.'

त्या दिवशी त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं की हाताचं हिल्लेवीला सांगायचं नाही.

"का?" मी विचारलं.

डबे यायला वेळ लागला. "ती जिंकण्यासाठी खेळते," तो म्हणाला. "मला तेच हवंय."

दलदलवाले एका हाताने खेळता येतात, कारण त्यांच्याकडे शेवाळी राक्षस असतात. हे राक्षस अतिशय हळू चालतात. पण जिथे उभे राहतात तिथली जमीन हळूहळू चिखल होते आणि शत्रूचे घोडे त्यात रुततात. तीन राक्षस नदीच्या तीन उतारांवर नेऊन उभे केले की डाव दीड तास तरी टिकतो. शेवटी स्टूरे बहुतेक हरायचाच. पण त्या दीड तासात, घोडे रुतलेले असताना, दोघं एकमेकांना ओळी लिहायचे. 'इकडे अजून बर्फ आहे.' 'इकडे वितळला.' 'कुत्र्याचं पोट बिघडलं.' 'कशाने?' 'रेनडिअर.' डाव्या हाताच्या एका बोटाने 'कशाने' लिहायला स्टूरेला पाऊण मिनिट लागायचं. तिला वाटायचं, बाबा विचार करतोय. हरणाऱ्याने 'छान झाला डाव' असं लिहूनच निघायचं, ही या खेळणाऱ्यांची रीत आहे. तेही तो लिहायचा. मग संगणक बंद करायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, तिचं बरं चाललंय.

मी दर रविवारी दालचिनीचे पाव घेऊन जायचो आणि बाजूला बसायचो. आठवड्यात त्याच्याशी आपलं माणूस बोलतं ते एवढंच, हे मला माहीत होतं. हे मी आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना मला माहीत नव्हतं अशी सवलत कुणी मला देऊ नये.

आता माझ्याबद्दल. मी अर्विद. एकतीस वर्षं इथल्या वर्तमानपत्रात दर शनिवारी विनोदी सदर लिहिलं. नगरपालिका, पाद्री, बर्फ काढणारी गाडी, यांपैकी माझ्यावर कोण नाराज आहे यावरून गावाला वार कळायचा. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. त्यानंतर मला कशानेच काही वाटेनासं झालं. वाईटही वाटत नव्हतं, ही खरी अडचण होती. डॉक्टरने फिरायला जा म्हणून सांगितलं. मी फिरायला गेलो. गावाजवळचा डोंगर होता तिथेच होता.

'धुक्याचे राजे' बनवणारी कंपनी आमच्याच गावची. खेळाच्या पानाखाली खेळणाऱ्यांनी मतं लिहायची जागा आहे. एकदा स्टूरेकडे बसल्या बसल्या मी ती उघडली आणि घरी आल्यासारखं वाटलं. एकोणीसशे तास खेळलेल्या एका माणसाने लिहिलं होतं की खेळ अत्यंत कंटाळवाणा आहे, कुणीही घेऊ नये. एका जर्मन गृहस्थाने खुज्यांच्या बिअरच्या किमतीवर चौदा परिच्छेद लिहिले होते, तळटिपांसह. रानपऱ्यांचे कान मागच्या वर्षीपेक्षा आखूड झाल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलं होतं आणि त्यावर दोन तट पडून लोक एकमेकांच्या आयांपर्यंत पोचले होते. एक जण रोज सकाळी फक्त 'परत आणा' असं लिहायचा. काय ते कुणालाच माहीत नव्हतं, पण त्याला पाठिंबा भरपूर होता. वाचकांची पत्रं मी एकतीस वर्षं वाचली. माणूस तोच आहे, फक्त पाकीट गेलं.

मी स्वतः खेळत नाही. खेळ विकत घेतला, दोनदा उघडला आणि दोन्ही वेळा माझा राजा भुकेने मेला. पण मत देण्यासाठी विषय कळावा लागत नाही, हे मी वर्तमानपत्रात शिकलो होतो. 'बिज्जू' असं टोपणनाव घेतलं आणि मार्चमधल्या एका दुपारी लिहिलं:

'शेवाळी राक्षसाला हल्ला करायला सांगितलं. तो निघाला. मी बटाटे उकडले, सोलले, खाल्ले, झोप काढली. शेजाऱ्याची मुलगी शाळेत जाऊ लागली. राक्षस पोचला तेव्हा शत्रू म्हातारपणाने वारला होता आणि त्याच्या वारसांनी आमच्याशी तह केला. कंपनीला विनंती आहे की राक्षसांना धावायला शिकवावं आणि सर्व दलदल तातडीने कोरडी करावी. आपल्यासारख्या प्रगत देशात एवढी ओलसर जमीन शोभत नाही.'

मला राक्षस आवडत होते. त्यांची चेष्टा करण्याइतके आवडत होते. हे लिहिणाऱ्याला कळतं. मोजणाऱ्याला कळत नाही.

आणि ही कंपनी मोजते. तिची प्रथा अशी की वर्षभरात ज्या मताला सर्वांत जास्त अंगठे मिळतील ते मत वसंतातल्या दुरुस्तीत अमलात आणायचं, मग ते काहीही असो. एप्रिल संपतो त्या संध्याकाळी सगळा गाव होळ्या पेटवून गाणी म्हणत असतो आणि कंपनी खेळाची नवी आवृत्ती सोडते. त्यांना या लोकशाहीचा फार अभिमान आहे. बिज्जूच्या मताला पहिल्या दिवशी तीनशे अंगठे मिळाले, आठवड्यात दोन हजार. मी दिवसातून दहादा आकडा बघायचो. तो वाढताना माझ्या आत काहीतरी हलायचं. त्याला आनंद म्हणणार नाही. बंद खोलीत कुणी खुर्ची सरकवली तर खालच्या मजल्यावर जसं कळतं, तसं.

स्टूरेनेही ते वाचलं. मीच शेजारी बसलो होतो. त्याच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला, म्हणजे तो पोट धरून हसला असं धरायला हरकत नाही.

"कोण हा गाढव?" तो म्हणाला.

"असेल कुणी रिकामटेकडा," मी म्हणालो.

"लिहितो बरं." मग बराच वेळ काही आलं नाही. मग सगळं एकदम आलं: "पण त्यांनी याचं ऐकलं तर मी संपलो."

मी त्याला समजावलं की असल्या थट्टेचं कोण ऐकणार. विनोद आहे हे आंधळ्यालाही दिसतं. तेव्हा माझा त्यावर विश्वास होता. अंगठे देणाऱ्या प्रत्येकालाही तसंच वाटत होतं, की आपण हसलो म्हणून अंगठा देतोय, याचं खरंच काही व्हावं असं थोडंच आहे. चार हजार दोनशे बारा माणसांना असं वाटलं. त्याची बेरीज कंपनीने केली.

मेच्या पहिल्या रविवारी स्टूरेने संगणक उघडला तेव्हा राक्षस धावत होते. नदीकाठी पोचले, त्यांच्या पायाखाली जमीन कोरडीठाक. त्यांना आता हाताने सतत वळवावं लागत होतं, नाहीतर ते उत्साहाने सरळ शत्रूच्या छावणीत शिरत. स्टूरेचं एक बोट एका राक्षसाला मागे बोलावेपर्यंत उरलेले दोघं गेलेले होते. मग घोडेस्वार आले. सात मिनिटांत किल्ला पडला.

'छान झाला डाव,' त्याने लिहिलं.

'नवीन आवृत्ती विचित्र आहे,' तिने लिहिलं. 'बरं, पुढच्या रविवारी.' आणि ती गेली. डाव संपला की जायचं, अशीच त्यांची पद्धत होती. दुसरा डाव मांडायची कधी वेळच आली नव्हती.

तीन वाजून आठ मिनिटं झाली होती. पाव अजून पिशवीत होते. स्टूरे पडद्याकडे बघत बसला. पुढच्या रविवारी सहा मिनिटं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा सात. त्या तीन रविवारांत तिने लिहिलेल्या ओळी माझ्या लक्षात आहेत, कारण त्या तीनच होत्या.

मी घरी जाऊन बिज्जूच्या नावाने दुसरं मत लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सरळ लिहिलं. लिहिलं की माझं आधीचं मत थट्टा होती. एक निवृत्त मालगाडीचालक आहे, झटक्याने त्याचा एक हात गेला, तो एका हाताने दलदलवाले खेळतो. दर रविवारी तीन वाजता त्याची मुलगी पार उत्तरेतून त्याच्याशी खेळते, आणि बोलण्यासाठी त्या दोघांकडे तेवढाच वेळ असतो. राक्षस हळू होते म्हणून तो वेळ दीड तास होता. आता सात मिनिटं आहे. कृपया राक्षस पूर्वीसारखे हळू करा.

खाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. बिज्जूने आपला विक्रम मोडला. मालगाडीचालक, काय पण सुचतं याला. एकाने लिहिलं की इतका हसलो, बायकोने विचारलं काय झालं. दुसऱ्याने लिहिलं की मुलीचा भाग तर कमाल, डोळ्यात पाणी येता येता राहिलं, पक्का ढोंगी आहे हा. जर्मन गृहस्थाने मालगाडीचालकाची आणि राक्षसाच्या चालीची तुलना करणारे सहा परिच्छेद जोडले. हे खरं आहे, असं मी खाली लिहिलं. त्यालाच नऊशे अंगठे मिळाले.

फक्त एकाने साधा प्रश्न विचारला. नावाच्या जागी नुसते आकडे होते, शेजारी एका कुत्र्याचं चित्र. 'कोणता हात?'

निदान एकाने तरी खरं मानलं म्हणून मला इतकं बरं वाटलं की मी लगेच उत्तर दिलं: 'उजवा. बोलायलाही जड जातं.' त्यावर पुढे काही आलं नाही.

मग मी कंपनीत गेलो. सात नंबरच्या बसने बारा मिनिटं. तिथे एल्विरा सांदीन नावाची मुलगी भेटली, वय तिशीच्या आत, खेळणाऱ्यांची मतं वाचणं हेच तिचं काम. एवढं वाचूनही ती हसतमुख होती, त्यामुळे मला थोडी काळजी वाटली. मी माझं नाव आणि टोपणनाव दोन्ही सांगितलं. आमच्याकडे राजा सोडून सगळेच सगळ्यांना अरे-तुरे करतात.

"तू अर्विद ना, वर्तमानपत्रातला?" ती म्हणाली. "माझी आजी तुझे लेख कापून ठेवायची. तू बिज्जू आहेस? अरे देवा, शोभतं तुला. आम्ही काल कॉफीला तुझं दुसरं मत मोठ्याने वाचलं. मालगाडीवाला! आमचा एक जण खुर्चीवरून पडला."

"तो खरा आहे," मी म्हणालो.

"हो, हो," ती हसत म्हणाली.

"त्याचं नाव स्टूरे आहे. तो इथून दोन किलोमीटरवर राहतो."

ती आणखी थोडं हसली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मीही याच गावचा, त्यामुळे तिला तिथे काही सापडलं नसावं.

"खरा म्हणजे, खरोखरचा?"

"खरोखरचा."

तिने कॉफीचा कप खाली ठेवला. मग नियम सांगितला. मे महिन्यापासूनचे अंगठे पुढच्या वसंतासाठी मोजले जातात. माझ्या दुसऱ्या मताला आताच सहा हजार नऊशे आहेत, म्हणजे ते जिंकणार, आणि पुढच्या एप्रिलअखेर राक्षस पुन्हा हळू होतील. त्याआधी बदललं तर लोक म्हणतील की कंपनी कुणा एकासाठी खेळ फिरवते. जुनी आवृत्ती काढून देता येईल का, असं मी विचारलं. येईल, म्हणाली, पण दोघांकडेही जुनीच हवी, आणि ती कशी बसवायची हे मुलीलाही सांगावं लागेल.

"जुनी का हवी, याचं मुलीला काय कारण सांगणार?" मी म्हणालो.

एल्विराने कप पुन्हा उचलला. "पुढचा वसंत काही फार लांब नाही," ती म्हणाली. तिच्या वयाला ते बरोबरही होतं.

त्या शनिवारी मी स्टूरेकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पहिलं मत माझं, दुसरंही माझं. त्याने दोन्ही मतं पुन्हा वाचायला मागितली. पहिलं त्याने लवकर संपवलं. दुसरं वाचायला त्याला फार वेळ लागला. मग तो खालचे शेरे वाचत गेला, डाव्या बोटाने पान सरकवत, सगळे, जर्मन गृहस्थासकट. एका ठिकाणी बोट थांबलं.

"हा टुस्से आहे," तो म्हणाला.

"कोण टुस्से?"

"कुत्रा. हिल्लेवीचा."

मी चित्राकडे बघितलं. करडा कुत्रा, एक कान पडलेला. त्याच्यापुढे तिचा प्रश्न आणि त्याखाली माझं उत्तर.

"मी नाव नव्हतं घेतलं," मी म्हणालो.

"मालगाडी घेतलीस," स्टूरे म्हणाला. "रविवार घेतलास. तीन वाजता घेतलंस."

खिडकीबाहेर शेजारी गवत कापत होता. त्याचं यंत्र बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. मी क्षमा मागितली. ती त्याने ऐकली असावी. उद्या येऊ का, असं मी विचारलं. स्टूरे म्हणाला, "ये. तू नाही आलास तर पाव कोण आणणार?" यात राग किती होता आणि भूक किती, ते मी ठरवू शकलो नाही.

रविवारी तीन वाजता डाव सुरू झाला. त्याने राक्षस पाठवले. ते धावत गेले, दोन भलतीकडेच. मी घोडेस्वारांची वाट बघू लागलो. ते आले, नदीच्या पलीकडच्या काठावर रांगेत उभे राहिले आणि थांबले. पाच मिनिटं झाली. सात झाली. नदी उथळ होती, जमीन कोरडी होती, अलीकडे स्टूरेचा अर्धवट बांधलेला किल्ला होता आणि एक राक्षस एका झाडाभोवती गोल धावत होता. घोडे जागच्या जागी माना हलवत होते.

'इकडे कालपासून ऊन आहे,' हिल्लेवीने लिहिलं.

'टुस्सेला पोहायला नेलं होतं,' तिने लिहिलं.

दहा मिनिटं. पंधरा. मला वाटलं, झालं, दीड तास परत मिळाला. राक्षस हळू नसले तर नसोत, पोरगीच हळू झाली. मी पावाची पिशवी उघडलीसुद्धा. स्टूरेकडे बघितलं तर तो पडद्याच्या त्या काठाकडे बघत होता, जिथे घोडे होते. उजवा हात नेहमीसारखा मांडीवर पडला होता. डावा त्याने माउसवरून उचलून उजव्यावर ठेवला होता.

"ती थांबलीये," तो म्हणाला.

"वेळ घेत असेल."

"चौतीस वर्षं गाडी चालवली मी, अर्विद. सिग्नल हिरवा असताना समोरची गाडी उभी असली तर मला कळतं."

पंचवीस मिनिटं झाली तेव्हा त्याने डावा हात कळांवर नेला. मी टाइप करू का, म्हणून विचारलं. त्याने मान हलवली, नाही. एकेक अक्षर शोधत त्याने लिहिलं: 'थांबू नकोस.'

घोडे माना हलवत राहिले. मग तिची ओळ आली.

'हात पूर्ण गेला?'

'पूर्ण,' त्याने लिहिलं.

'कळतं काही त्याला?'

'नाही.'

चौदाशे किलोमीटरवर, जमिनीखालच्या गाड्या वर बसून चालवणारी बाई काय करत होती ते मला दिसत नव्हतं. मी रडण्याचा अंदाज करणार होतो, पण ती स्टूरेची मुलगी होती.

'बरं,' तिने लिहिलं.

आणि घोडेस्वार नदीत उतरले. चार मिनिटांत किल्ला पडला, इतक्या लवकर तो कधीच पडला नव्हता. तिने कुठलीच कसर ठेवली नाही. गोठा जाळला, विहीर बुजवली, झाडाभोवती धावणारा राक्षससुद्धा सोडला नाही. स्टूरेने 'छान झाला डाव' लिहिलं. मी वाट बघितली की आता ती जाणार.

'अजून एक?' तिने लिहिलं.

दुसरा डाव सात मिनिटं चालला. तिसरा सहा. प्रत्येक डावानंतर ती एक ओळ लिहायची आणि तो एका बोटाने उत्तर द्यायचा, मग पुढचा डाव. औषधं कोणती. जिना चढता येतो का. भांडी कोण घासतं. 'अर्विद,' त्याने लिहिलं, जे खोटं होतं. पाचव्या डावानंतर तिने विचारलं, 'का नाही सांगितलंस?'

स्टूरेने सहावा डाव सुरू केला. पण त्या डावात त्याने काहीच हलवलं नाही. सगळा वेळ तो खालच्या चौकटीत अक्षरं शोधत होता. किल्ला पडताना त्याचं वाक्य पूर्ण झालं.

'तू आज थांबलीस तशी थांबली असतीस.'

तिने नाही म्हटलं नाही. तिने सातवा डाव मांडला आणि त्याला पाच मिनिटांत हरवलं.

साडेचार वाजता तो नऊ वेळा हरला होता. 'छान झाला डाव' आता तो नुसता 'छान' एवढाच लिहीत होता. डाव्या मनगटाला रग लागली होती, ते तो टेबलाच्या कडेवर दाबत होता. मला त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल असं वाटलं, म्हणून मी वाकून त्याच्या डाव्या बाजूला गेलो. तिथे घाम होता. त्याने मला कोपराने बाजूला सारलं, कारण मी पडद्याच्या आड येत होतो.

'दहावा?' तिने लिहिलं.

"तू जा आता घरी," स्टूरे मला म्हणाला. "आम्हाला वेळ लागेल."

मी पाव टेबलावर ठेवले आणि गेलो.